वहिनीचं काही चुकत नाहीये

"घरात प्रेम आटलं की म्हातारी माणसं विसरायला लागतात. पूर्वी एकत्र कुटुंबात डिमेन्शिया नव्हता. सुनेनं मनापासून सेवा केली तर गेलेली आठवण परत येते. रोज सकाळी दोन चमचे खोबरेल तेल द्या." हा मेसेज महिनाभर फिरतोय. परवा कऱ्हाडच्या मावशीनं तो आमच्या घरच्या ग्रुपवर टाकला. आई सांगलीत, गावभागात, दादा-वहिनीकडे असते. रात्री वहिनीचा फोन आला, "वन्सं, माझंच काही चुकतंय का हो?"

म्हणून आधी सेवेचंच बोलते. अल्झायमरमध्ये, म्हणजे डिमेन्शियाच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात, मेंदूतल्या पेशी मरत जातात. कितीही माया केली तरी त्या परत येत नाहीत. दिवेलागणीला आई "मला घरी सोड" म्हणते. घरी म्हणजे औदुंबरला, माहेरी. अडवलं नाही तर चप्पल घालून निघते. एकदा आयर्विन पुलावर सापडली. पाटल्या स्वतःच ज्वारीच्या डब्यात लपवते आणि शेजाऱ्यांसमोर वहिनीला चोर म्हणते. असा संशय घेणं हे या आजाराचंच लक्षण आहे, आणि जो सतत जवळ असतो त्याच्यावरच बहुधा तो येतो. दोन वर्षांत वहिनीला सलग झोप नाही, आता तिलाच बीपीची गोळी लागलीय. जागतिक आरोग्य संघटना सांगते की 2019 मध्ये अशा रुग्णामागे घरच्यांचे दिवसाला सरासरी 5 तास गेले, आणि त्यातले 70 टक्के तास बायकांचे होते. वहिनीचे 5 तास दुपारच्या जेवणाआधीच होतात. तिला प्रेम शिकवायचं?

"पूर्वी नव्हता" हे साफ खोटं. म्हातारचळ हा शब्द आपल्या आज्या-पणज्यांचाच आहे. तपासणी नव्हती आणि ऐंशीपर्यंत जगणारी माणसंही थोडी होती, एवढंच. खोबरेल तेलानं हा आजार बरा होतो याला पुरावा नाही. उलट बी-12 कमी असलं किंवा थायरॉईड बिघडलं तरी विसरायला होतं, आणि ते उपचारांनी सुधारू शकतं. तेलात महिने घालवण्याआधी रक्त तपासून घ्या.

एक मान्य करावं लागेल, एकटं पडल्यानं धोका वाढतो. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं 2024 मध्ये सांगितलेल्या 14 कारणांत ते आहे. पण त्यातच मधुमेह, रक्तदाब आणि कमी ऐकू येणंही आहे. आईला वीस वर्षं मधुमेह आहे, हे मावशीला ठाऊक आहे.

मावशी, पुढच्या महिन्यात मी आठ दिवस सांगलीला राहायला येतेय, म्हणजे वहिनीला माहेरी जाता येईल. त्याच्या पुढचे आठ दिवस तू ये. तुझा आवाज आई अजून ओळखते.