पाचवरचा पंखा

माझ्या बनियनला डाव्या काखेखाली भोक आहे. ही गोष्ट आजवर मला, बायकोला आणि धुण्याच्या दोरीला ठाऊक होती. गेल्या शनिवारपासून ती लेकीच्या वर्गातल्या झाडून सगळ्या पालकांना ठाऊक आहे.

शाळेत पालकसभा होती. वऱ्हांड्यात सहावीच्या मुलांचे 'घरातील वीजबचत' या विषयावरचे तक्ते टांगलेले. तिसरा आमच्या कन्यारत्नाचा. वर ठळक अक्षरांत 'आमच्या घरातील विजेची गळती' आणि खाली गळतीचा रंगीत फोटो. गळती म्हणजे मी. रविवारची दुपार, लुंगी, बनियन, उघडं तोंड, डोक्यावर गरगरणारा पंखा, समोर टीव्ही चालू, वर ट्यूब चालू. तांबड्या स्केचपेनचा एक बाण भिंतीवरच्या रेग्युलेटरकडे निघालेला, पण वाटेत भोकावरून गेलेला. त्यामुळे आधी भोक दिसायचं, मग रेग्युलेटर.

बाहेर बेळगावचा पाऊस. मी छत्री मिटून निथळत उभा. शेजारी एक आजोबा येऊन थांबले. धोतर, टोपी, नाकावर घसरलेला चष्मा. नंदगडहून नातीच्या पालकसभेला आलो म्हणाले, कारण मुलाला सुट्टी नाही. त्यांनी अक्षरांखाली बोट धरलं आणि देवळात पोथी वाचावी तसा माझा तक्ता मोठ्यानं वाचायला घेतला.

"पं-खा पा-च-वर. पाचवर! बघितला काय ओ?"

"बघितला."

"भायेर पाऊस धो धो लागलाय, आन् ह्यो गडी पाचवर."

"फोटो उन्हाळ्यातला असेल," मी म्हणालो.

आजोबांनी चष्मा वर सारला, फोटोला नाक टेकवलं. "उन्हाळा कसला ओ? खिडकीला छत्री वाळत घातलीया की."

घातली होती. तीच छत्री माझ्या हातात होती. मी ती हळूच पाठीमागं नेली.

"कामधंदा काय करतोय का न्हाई कुणास ठाऊक."

"करत असेल की. आठवडाभर राबून एखादा रविवार जरा..."

"छ्या! राबणाऱ्याचं पोट असलं असतंय?"

यावर बोलण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतं. पोट आत घेतलं, तेवढंच. पण आजोबांना आता श्रोते हवे होते. "ओ ताई, हिकडं या. ह्यो नमुना बघा." दोन ताई आल्या. एक तोंडावर पदर धरून हसली. दुसरी म्हणाली, "आमच्यात पण असलाच एक हाय," आणि दोघी मिळून पुढच्या तक्त्याकडं गेल्या. आजोबांचं मात्र समाधान झालं नव्हतं. पोरीची त्यांना फार दया आली. असल्या बापाच्या पोटी एवढं शहाणं लेकरू. असल्यांचं मीटरच काढून न्यायला पाहिजे.

"तुमच्याकडं वीज जपून वापरत असाल," मी म्हणालो. काहीतरी बोलायला हवं म्हणून.

"तर! आमच्यात पंखाच न्हाई. संध्याकाळी एक बल्ब. जेवणं झाली की त्योबी बंद."

"आणि शेतात? पंप असेल."

"हाय की. पाचाचा."

"तो किती वेळ चालतो?"

"त्याला ऑटो बसवलाय. थ्री-फेज आला की आपला आपण सुरू, गेला की बंद. आमी बघायलाबी जात न्हाई."

"आणि रान भिजलं की?"

आजोबांनी माझ्याकडं खुळ्याकडं बघावं तसं बघितलं. "ओ, त्ये फुकट हाय. बंद कोन करनार?"

मी उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत हिशेब लिहितो. एक टन लोखंड वितळवायला भट्टीला पाचशे-सहाशे युनिट लागतात. ते आकडे रोज माझ्या हाताखालून जातात, त्यामुळे कुठंही उभा असलो तरी डोक्यात गुणाकार सुरू होतो. पाच हॉर्सपॉवर म्हणजे पावणेचार किलोवॅटच्या आसपास. सात तास करंट राहिला तर पंचवीस-सव्वीस युनिट, एका दिवसात. आता माझा गुन्हा घ्या. पंखा ७५ वॅट, टीव्ही ८०, ट्यूब ४०. दोन तासांची झोप, महिन्याचे चार रविवार. सगळं मिळून दीड युनिट. म्हणजे मी महिनाभरात झोपून जेवढी वीज उधळतो, तेवढी आजोबांचा पंप पंचवीस मिनिटांत पितो. हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर 'ह्यो गडी' कोण, ते उघड झालं असतं.

घरी हे प्रकरण गेल्या महिन्याच्या बिलापासून तापलेलं. कर्नाटक सरकारच्या फुकट विजेच्या गृहज्योती योजनेत २०२२-२३ सालची तुमची महिन्याची सरासरी काढतात, त्यावर दहा टक्के वाढ देतात, तेवढे युनिट फुकट. वरचे युनिट झाले की त्यांचे पैसे भरायचे, आणि २०० ओलांडले की सगळ्याच बिलाचे. आमची सरासरी ११०, म्हणून १२१ फुकट. गेल्या महिन्यात झाले १३४. तेरा युनिटांचं बिल ते केवढं, पण बायकोनं ती चिठ्ठी फ्रिजवर चुंबकाखाली लावून ठेवली. मला वाईट कशाचं वाटतं सांगू? त्या वर्षी मी पोरीच्या मागं फिरून दिवे बंद करत होतो. ज्यांनी त्या वर्षी सकाळ-संध्याकाळ गीझर पेटवला ते आता आरामात आहेत, आणि आमची काटकसर आमच्याच गळ्यात आली.

तर तेरा युनिटांचा चोर शोधायचं काम सहावीतल्या मुलीकडं आलं. प्रकल्पाची सूचना पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री पावणेदहाला. त्याच ग्रुपवर त्याच दिवशी सकाळी आलेला निरोप होता, 'मुलांना मोबाईलपासून दूर ठेवावे.' आता मुलीनं सूचना वाचायची ती मोबाईलवर, व्हिडिओ बघायचे ते टॅबवर, फोटो काढायचा तो माझ्या फोनवर, माझाच, मी झोपेत असताना, आणि रंगीत प्रिंट आणायला पावसातून झेरॉक्सच्या दुकानात जायचं ते मीच. पाकिटात काय आहे ते लेकीनं बघू दिलं नाही. "सरप्राइज आहे पप्पा." माझ्याच बदनामीचे पैसे मी रोख मोजले.

खरं म्हणजे मला खापर टॅबवर फोडायचं होतं. रात्री बसून हिशेब केला. पण फोन एकदा पूर्ण चार्ज करायला जेमतेम पंधरा वॅट-तास जातात, एका युनिटात साठ-पासष्ट वेळा होतो. टॅबला थोडे जास्त. विजेपुरती पोरगी निर्दोष सुटली. तिचे डोळे, तिची झोप, जेवताना ताटाऐवजी पडद्यावर असलेली नजर, यांचं मीटर कुणी बसवलेलं नाही, नाहीतर तक्ता मीही केला असता. मग वायफायचा डबा सापडला. दहा वॅट, पण रात्रंदिवस. महिन्याला सात युनिट. आणि गीझर, दोन हजार वॅट, रोज अर्धा तास, महिन्याला तीस. तक्त्यावर वायफायचं नाव नाही. गीझर आहे, पण तोही माझ्या नावावर. अंघोळ घरात सगळे करतात हो!

"पप्पा, पंखा निदान तीनवर तरी ठेवायचा," असं तिचं म्हणणं. मी तिला समजावलं की आपल्या हॉलमधला रेग्युलेटर जुना, चौकोनी डब्याचा. पंखा हळू केला की वाचलेली बरीचशी वीज त्या डब्यातच तापून जाते, हात लावून बघ. नव्या छोट्या रेग्युलेटरचं तसं नाही. तिनं हात लावून बघितला, "गरम आहे," म्हणाली आणि वहीत लिहिलं, 'पप्पा कारणे सांगतात.' तक्त्याच्या तळाला हे वाक्यही होतं. आणि एवढं सगळं मी वाचत होतो तेव्हा त्या वऱ्हांड्यात भरदिवसा दोन ट्यूब जळत होत्या. त्यांच्याकडं एकही बाण गेलेला नव्हता.

घंटा झाली. आजोबांनी खिशातून फोन काढला, दाबला, कानाशी हलवला. "चार्जिंग गेलं बघा. तुमच्यावर फोटो काढा की ओ ह्याचा, आन् मला धाडा. गावात दावतो पोरांस्नी."

मी माझा फोटो काढला. नीट आला नाही म्हणून त्यांनी दुसरा काढायला लावला, "भोक येऊ दे नीट." त्यांनी पाठ असलेला नंबर सांगितला, मी फोटो धाडला, ते खूश होऊन वर्गात गेले.

रात्री साडेदहाला फोन वाजला. आजोबांचा आवाजातला निरोप. फोन चार्ज झाला असावा, आणि मी धाडलेल्या फोटोसोबत व्हॉट्सअ‍ॅपवरचा माझा चेहराही मोठा करून बघून झाला असावा. बायको आणि लेक समोरच बसल्या होत्या, आणि मी ऐकण्याआधी लेकीनं बटण दाबलं.

"ओ पाव्हणं, फोटूतलं ते तुमीच की ओ! मगाशी सांगायचं न्हाई काय? राग धरू नका. आमच्या हिनं विचारलंय, बनियन कुठल्या नंबराचं लागतंय तुमास्नी?"

दोघी हसत सुटल्या. मी उठलो आणि पंखा दोनवर केला. त्यानं वीज फारशी वाचत नाही, ते वर सांगितलंच आहे.