टाचेच्या मशीनवर हाडांचा निकाल लागत नाही

नाशिकमधल्या सोसायट्यांच्या, भिशीच्या आणि ज्येष्ठ नागरिक संघांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतो आहे. मजकूर थोडक्यात असा: हाडं दुखत नसतील तर तपासायची गरज नाही. तपासायचीच असतील तर मोफत शिबिरातलं टाचेचं मशीन पुरे, डेक्सा (हाडांची घनता मोजणारी एक्स-रे तपासणी) हा पैसे काढण्याचा प्रकार आहे आणि त्याचं रेडिएशनही घातक. रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल म्हणजे हाडं मजबूत. नागली, दूध, डिंकाचे लाडू खाणाऱ्याला औषध लागत नाही. आणि शेवटी, हाडं ठिसूळ होणं, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हा बायकांचा आजार आहे.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेल्या आजी-आजोबांना पुन्हा पायावर उभं करणं हे माझं रोजचं काम. त्यांतले कितीतरी जण मोडण्याआधी ठणठणीत होते, म्हणजे त्यांचं काहीच दुखत नव्हतं. म्हणून हे उत्तर.

हाड विरळ होताना दुखत नाही. ते मोडतं तेव्हा दुखतं, आणि कधीकधी तेव्हाही नाही. मणक्याची साधारण दोन तृतीयांश फ्रॅक्चर त्या वेळी लक्षातच येत नाहीत. कंबर धरली असं समजून माणूस बाम चोळतो, पुढे पोक येतं, उंची कमी होते आणि घरचे म्हणतात, वय झालं. तरुणपणापेक्षा उंची चार सेंटिमीटरने घटली असेल तर मणक्याचा एक्स-रे काढायला हवा. मनगटाचंही तसंच. गंगाघाटाच्या ओल्या पायरीवर पाय घसरतो, हात टेकला जातो, मनगट मोडतं. प्लास्टर निघालं की विषय संपतो. पण उभ्या उंचीवरून पडून हाड मोडणं हाच पन्नाशीनंतरचा सगळ्यात मोठा इशारा आहे. अशा माणसाच्या हाडांची घनता तेव्हाच मोजली, तर पुढचं खुब्याचं फ्रॅक्चर टाळण्याची संधी असते. ही संधी वाया जाताना मी पुन्हा पुन्हा पाहते आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

आता टाचेचं मशीन. शिबिरात टाचेवर जेल लावून करतात ती तपासणी बहुधा अल्ट्रासाउंडची असते. ध्वनिलहरी टाचेच्या हाडातून किती वेगाने जातात आणि किती क्षीण होतात, त्यावरून मशीन आकडा काढतं. हे थोतांड नाही. उतारवयातल्या लोकांत या आकड्यावरून फ्रॅक्चरच्या धोक्याचा अंदाज येतो. अडचण त्या चिठ्ठीवर छापलेल्या ‘टी-स्कोअर’ची, म्हणजे निरोगी तरुणांच्या सरासरीशी तुलना करणाऱ्या आकड्याची आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली ‘उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस’ ही रेघ आखली, ती डेक्सासारख्या एक्स-रे पद्धतीने मोजलेल्या घनतेसाठी. आजचं निदान खुबा, कंबरेचे मणके आणि गरज पडल्यास हाताचं हाड, इथल्या डेक्सावर होतं. टाचेच्या आकड्याला ती रेघ लावता येत नाही. त्यामुळे चूक दोन्ही बाजूंनी होते. पस्तिशीतली, पाळी चालू असलेली बाई ‘हाडं ठिसूळ’ हा शिक्का घेऊन घाबरून घरी जाते. सत्तरीच्या काकू ‘नॉर्मल’ ऐकून निश्चिंत होतात. मला दुसरी चूक जास्त धोक्याची वाटते. शिबिरात आकडा खराब आला तर डेक्सा करून घ्या. चांगला आला आणि आधी हाड मोडलेलं असेल, तरीही करून घ्या.

डेक्सात वेगवेगळ्या ऊर्जेचे दोन एक्स-रे शरीरातून जातात. हाड आणि मांस ते वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. त्या फरकातून दर चौरस सेंटिमीटरला किती ग्रॅम खनिज आहे ते निघतं. मणके आणि खुबा मिळून रेडिएशन काही मायक्रोसिव्हर्ट, म्हणजे निसर्गातून एक-दोन दिवसांत आपल्याला तसंही मिळतं तेवढंच. गरोदर बाईने मात्र ही तपासणी टाळायची.

पैशांचा मुद्दा मी उडवून लावणार नाही. धडधाकट तिशीतल्या माणसाला डेक्सा सांगणं किंवा कारण नसताना दर सहा महिन्यांनी करायला लावणं चूकच. ती लागते पासष्टीपुढच्या बायकांना, सत्तरीपुढच्या पुरुषांना, आणि त्याआधी हाड मोडलेलं असेल, आई-वडिलांचा खुबा मोडला असेल, पाळी लवकर गेली असेल, रूमॅटॉइड संधिवात असेल किंवा तीन महिन्यांहून जास्त स्टेरॉइडच्या गोळ्या चालल्या असतील तर. आपल्याकडे पाळी सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळीसलाच जाते, हेही ध्यानात ठेवा.

डेक्साचा आकडा म्हणजेही सगळं काही नव्हे. तोच उणे २.५ पंचावन्नाव्या वर्षी आणि ऐंशीव्या वर्षी सारखा धोका सांगत नाही. उणे २.५ पेक्षा बरा स्कोअर असलेल्यांचीही हाडं मोडतात, आणि अशी माणसं संख्येने जास्त असतात. म्हणून शेफील्ड विद्यापीठाने २००८ मध्ये आणलेलं फ्रॅक्स हे गणित वापरतात. त्यात वय, वजन, जुनं फ्रॅक्चर, धूम्रपान, स्टेरॉइड वगैरे भरलं की पुढच्या दहा वर्षांतली शक्यता टक्क्यांत मिळते. भारतासाठीही ते उपलब्ध आहे. पण फ्रॅक्स तोल जाऊन पडण्याचा हिशेब धरत नाही. शिवाय प्रौढपणी होणाऱ्या मधुमेहात घनता बरी दिसूनही हाड मोडतं. तसंच मणक्याला वयाने हाडाचे काटे फुटले असले की तिथला आकडा खोटाच चांगला येतो. अशा वेळी खुब्याचा आकडा पाहायचा.

रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल असणं हाडांबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. रक्तातलं प्रमाण घसरू लागलं की पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांतून ते काढून रक्तात भरते. म्हणजे हाडं रिकामी होत असतानाही रिपोर्ट सुरेख येऊ शकतो. रक्ततपासणी लागते ती कारण शोधायला. ‘ड’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने हाडं मऊ पडली तरी डेक्सात घनता कमीच दिसते, आणि तिचा इलाज वेगळा आहे.

खाण्याबद्दल मेसेज अर्धा खरा आहे. पेठ-सुरगाण्याची नागली उत्तमच. शंभर ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलीग्रॅम कॅल्शियम असतं आणि मोठ्यांची रोजची गरज १००० ते १२०० आहे. जरूर खा. पण पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटल्याने होणारी झीज नुसत्या भाकरीने भरत नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या होरायझन चाचणीत वर्षातून एकदा झोलेड्रोनिक ॲसिड या हाडांची झीज रोखणाऱ्या औषधाचं सलाइन दिलं. तीन वर्षांत मणक्याची फ्रॅक्चर ७० टक्क्यांनी आणि खुब्याची ४१ टक्क्यांनी कमी झाली. औषध न मिळालेल्या गटालाही कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व दिलेलं होतं. तरी एवढा फरक पडला. या औषधाने जबड्याचं हाड सडण्याची भीती सांगतात ती गुंतागुंत या आजाराच्या डोसला फार विरळ आहे. आधी दात दाखवून घ्यावेत, एवढी काळजी पुरते.

बायकांचाच आजार म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते: खुबा मोडल्यावर वर्षभरात दगावण्याचं प्रमाण पुरुषांत बायकांपेक्षा जास्त आहे. दम्यासाठी वर्षानुवर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या घेणारे काका, रोज दारू पिणारे काका, यांची घनता कुणी मोजत नाही.

डेक्साला जाताना आदल्या दिवसापासून कॅल्शियमची गोळी घेऊ नका. बेरियम पाजून काढलेल्या एक्स-रेची तपासणी नुकतीच झाली असेल तर तसं सांगा. दुसऱ्यांदा करायची वेळ आली तर पहिल्याच मशीनवर करा आणि जुना रिपोर्ट सोबत न्या. दोन वेगळ्या मशीनवरचे आकडे शेजारी ठेवून हाड वाढलं की घटलं ते ठरवता येत नाही.