मांजर घरात शिरलं की आधी झाडू खाली ठेवा

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पुन्हा तेच सुरू झालंय. 'तळमजल्यावर मांजरी शिरतात, गोणीत घालून लांब सोडून या.' तिथे भांडत बसण्यापेक्षा इथेच लिहिते.

गोणीला माझा साफ विरोध आहे. ओळखीचा जिना, पाणी, लपायची जागा सगळं एका फटक्यात काढून घ्यायचं, वर 'मारलं तर नाही ना' म्हणायचं! शिवाय उघडा कचऱ्याचा डबा तसाच राहिला तर दुसरं मांजर येणारच.

घरात शिरलेल्या मांजराला हाकलायचं नसतं, वाट द्यायची असते. झाडू घेऊन मागे लागलात की ते फ्रिजमागे घुसतं, कान मागे पाडून फिस्कारतं, आणि हात घातलात की ओरबाडतं. त्यापेक्षा आतल्या खोल्यांची दारं लावा, पंखा बंद करा, बाहेरचं दार सताड उघडा आणि तुम्हीच बाजूला व्हा. टक लावून बघू नका, मांजराला ती धमकी वाटते. थोड्या वेळाने ते भिंतीकडेने, पोट जमिनीला लावून, दर दोन पावलांनी थांबत निघून जातं. घाई आपल्याला असते, त्याला नाही.

कणव आली तर दूध नको. बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही, जुलाब होतात. पाणी आणि बिनमिठाची उकडलेली मासळी द्या, तीही बाहेर जिन्याखाली. आणि मांजर येऊ नये म्हणून फिनेल शिंपडणं, डांबराच्या गोळ्या टाकणं बंद करा. फिनेल पंजांना लागतं, मांजर पंजे चाटतं, आणि त्यातलं फिनॉल त्याच्या यकृताला झेपत नाही.

नख किंवा दात लागलाच तर हळद-चुना नको. साबण आणि वाहतं पाणी, चांगली 15 मिनिटं, मग त्याच दिवशी डॉक्टर. रेबीज फक्त कुत्र्यामुळे होतो हा गैरसमज आहे.

माळ्यावर एकटी पिल्लं दिसली तर लगेच उचलू नका. मांजर पिल्लांना सात घरं दाखवतं म्हणतात. सातचा हिशेब सोडा, पण जागा बदलते हे खरं. आई बहुधा खायला गेलेली असते किंवा एकेक पिल्लू हलवत असते. लांबून लक्ष ठेवा.

कायद्याचं म्हणाल तर 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. वडापावच्या भावात क्रौर्य! पण भारतीय न्याय संहितेचं कलम 325 बघा: प्राण्याला ठार मारलं किंवा कायमचं जायबंदी केलं तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

खरा उपाय नसबंदी. मांजरी साधारण नऊ आठवड्यांत विते, आणि तिची पिल्लं पाच-सहा महिन्यांत स्वतः गाभण राहू शकतात. गणपतीच्या मांडवाला वर्गणी निघते, मग यालाही निघेल. पहिले पैसे माझे. आणि बोक्यांनाही धरा त्यात, दर वेळी मांजरीचंच ऑपरेशन कशाला?