फळमाशीचं एन्झाइम, तिळाचं तेल आणि डबल डोस: त्या मेसेजमधलं काय खरं, काय घातक

कारली-दोडका लावणाऱ्यांच्या गटांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं सार असं: "फळमाशीच्या अंगात विष पचवणारं एन्झाइम तयार झालंय, म्हणून मॅलाथिऑन लागू पडत नाही. डोस डबल करा. पंपाला ५० मिली तिळाचं तेल घाला, एन्झाइम बंद पडतं. तीन औषधं एकत्र मारा, एकातून वाचली तर दुसऱ्यात मरेल. सापळे काढून टाका, ते बाहेरच्या माशा वावरात ओढतात." काल आमच्या आतेभावाने तो मला पाठवला आणि विचारलं, तेल घाण्याचं चालेल की पिशवीतलं? म्हणजे फवारायचं ठरलंच होतं. म्हणून हे सविस्तर.

पहिलं वाक्य निम्मं खरं आहे, तेवढं मान्य करतो. विष मोडणारी एन्झाइमं किडींमध्ये असतात. मुख्य घराणी तीन: पी-४५०, एस्टरेज आणि ग्लुटाथायोन ट्रान्सफरेज. पण ती काल-परवा 'तयार' झालेली नाहीत. झाडं स्वतःच्या बचावासाठी जी रसायनं बनवतात, ती पचवायला किडींकडे ही सामग्री पूर्वापार आहे. एकच औषध सारखं मारलं की ज्या माशांत ती जास्त किंवा जास्त ताकदीची असते त्या वाचतात आणि पुढची पिढी त्यांचीच येते.

आता डबल डोस. मॅलाथिऑन आणि फळमाशी यांवरचं नीट झालेलं काम स्पेनचं आहे. तिथल्या बागांमध्ये भूमध्य फळमाशीवर वर्षानुवर्षं मॅलाथिऑनचं आमिष, म्हणजे माशीच्या खाद्यात कालवलेलं औषध, फवारलं गेलं. २००४ नंतर बागांतून आणलेल्या माशा प्रयोगशाळेतल्या नाजूक माशांशी ताडून पाहिल्या, तेव्हा त्यांना मारायला लागणारी मात्रा काही ठिकाणी काही पट, तर काही ठिकाणी २०० पटीच्या आसपास निघाली. ही आपल्या कारल्यावरची माशी नव्हे, जात वेगळी आहे, पण हिशोब इथेही तोच लागतो. प्रतिकार खरोखर पन्नास-शंभर पट असेल तर दुप्पट मात्रेने काय साधणार? आणि प्रतिकार नसेल तर लेबलवरची मात्रा पुरते. दोन्हीकडून डबल डोस वायाच जातो. मधल्या मध्ये फळात औषधाचा अंश वाढतो आणि सर्वांत चिवट माशा तेवढ्या निवडल्या जातात.

त्याच कामातून आणखी एक गोष्ट पुढे आली. एस्टरेज अडवणारं रसायन दिल्यावर प्रतिकार थोडा उतरला, संपला नाही. कारण मॅलाथिऑन मज्जातंतूंमधल्या ज्या एन्झाइमला पकडून माशी मारतं, त्या अॅसिटाइलकोलिनएस्टरेजमध्येच बदल झालेला होता. जिथे विषाची पकडच सैल झाली आहे, तिथे पचवणारं एन्झाइम बंद करूनही काम पुरं होत नाही.

आता तेल. या मुद्द्यावर मला खरंच राग येतो, कारण खऱ्या माहितीचा तुकडा उचलून तो उलटा चिकटवलाय. तिळाच्या तेलाने पायरेथ्रमचा, म्हणजे शेवंतीच्या कुळातल्या फुलांपासून काढलेल्या कीटकनाशकाचा, जोर वाढतो हे १९४० च्या सुमारास कळलं. तेलातलं सेसामिन आणि सेसामोलिन पी-४५० अडवतात. पिपेरोनिल ब्युटॉक्साइड, म्हणजे पीबीओ, हे पुढे त्याच रासायनिक धाटणीवर बनलं. स्पेनमध्येच लॅम्बडा-सायहॅलोथ्रिनला दाद न देणाऱ्या फळमाशांना पीबीओ दिल्यावर त्यांचा प्रतिकार जवळपास पूर्ण ओसरला. पायरेथ्रॉइड गटापुरतं, म्हणजे पायरेथ्रमच्या धर्तीवर बनवलेल्या औषधांपुरतं, हे खरं आहे.

पण मेसेज मॅलाथिऑनबद्दल बोलतोय. मॅलाथिऑन बाटलीत असतं त्या रूपात फार मारक नसतं. माशीच्या अंगात गेल्यावर पी-४५० त्यातला एक गंधकाचा अणू काढून तिथे ऑक्सिजन बसवतं, मॅलाऑक्सॉन तयार होतं, आणि खरं मारतं ते मॅलाऑक्सॉन. तिकडे एस्टरेज मॅलाथिऑन मोडत असतं. म्हणजे इथे पी-४५० तुमच्या बाजूने लढतंय, आणि तेल घालून तुम्ही त्यालाच बांधून ठेवताय! मॅलाथिऑनच्या गटातल्या, म्हणजे ऑर्गॅनोफॉस्फेट, औषधांचा परिणाम पीबीओमुळे घटल्याचं अनेक किडींत दिसलेलं आहे. 'एन्झाइम बंद करा' म्हणणाऱ्याने आधी कोणतं एन्झाइम आणि कोणत्या औषधासाठी ते सांगावं.

शिवाय ते जुने प्रयोग रॉकेलसारख्या तेलात बनवलेल्या घरगुती फवाऱ्यांचे होते. पंधरा लिटर पाण्यात घाण्याचं तेल नुसतं ओतलं तर ते वर तरंगतं. सुरुवातीला नोझलमधून पाणी जातं, टाकी संपत आली की तेलाचा थर जातो, आणि त्या ओळीतली कोवळी पानं करपतात. पी-४५० मधमाशीतही असतं. पायरेथ्रॉइडसोबत ते अडवलं तर मधमाशी जास्त लवकर मरते. कारल्याचं फळ धरतं ते मधमाश्यांच्या भरवशावर.

तीन औषधं एकत्र मारण्याचा सल्ला सर्वांत घातक. माणसाला मॅलाथिऑन तुलनेने कमी बाधतं, कारण आपल्या यकृतातलं कार्बोक्झिलएस्टरेज ते झपाट्याने मोडतं. हे एन्झाइम दुसऱ्या ऑर्गॅनोफॉस्फेटने अडवलं की ते संरक्षण जातं. प्रोफेनोफॉससारखी औषधं नेमकं तेच करतात. १९७६ साली पाकिस्तानात मलेरियाच्या फवारणीवर असलेल्या सुमारे ७,५०० कामगारांपैकी अंदाजे २,८०० जणांना विषबाधा झाली, ५ दगावले. मॅलाथिऑनच्या पावडरीत आयसोमॅलाथिऑन तयार झालं होतं, आणि तेही हेच एन्झाइम रोखतं. त्यांनी तर मुद्दाम काही मिसळलंही नव्हतं. २०१७ ची यवतमाळची फवारणीतली विषबाधा महाराष्ट्राने पाहिलीय. फवारणाऱ्याचा जीव धोक्यात घालणारा सल्ला 'शेतकरीहितार्थ पुढे पाठवा' म्हणून फिरतोय, हे सहन होत नाही.

सापळ्यांचं थोडक्यात. नर लांबून येतात हे खरं, पण नर अंडी घालत नाहीत. नुसत्या सापळ्यांनी कारलं वाचत नाही हेही खरं, कारण बाहेरून येणारी मादी बहुधा आधीच फळलेली असते. पण 'सापळा लावला, माशी आलीच नाही' या तक्रारीमागे बऱ्याचदा चुकीचा ल्युअर, म्हणजे नरांना ओढणारा वासाचा पदार्थ, असतो. वेलवर्गीयांवरच्या माशीला क्यू-ल्युअर लागतो. मिथाइल युजेनॉल आंब्या-पेरूवरच्या माशीसाठी.

मग औषध मारूनही कारली किडतात ती का? एन्झाइमकडे जायच्या आधी हे बघा. अळी गरात असते आणि कोष मातीत. वरच्या फवाऱ्याचा दोन्हींशी संबंध येत नाही. मादी रात्री मांडवात नसते, आजूबाजूच्या उंच झाडोऱ्यात असते. म्हणून कडेला मक्याच्या ओळी लावून त्यांच्या पानांखाली आमिषाचे जाड थेंब द्यायचे. नुसत्या गुळापेक्षा प्रथिनयुक्त आमिष सरस, कारण अंडी पिकायला मादीला प्रथिनं लागतात. आणि पाणी तपासा: मॅलाथिऑन सामू (पीएच) ७ ला साधारण ६ दिवसांत निम्मं होतं, सामू ९ ला अर्ध्या दिवसात. क्षारयुक्त बोअरच्या पाण्यात रात्री कालवून सकाळी मारलेल्या द्रावणात औषध उरतं किती?

तरीही प्रतिकाराचा संशय असेल तर स्वतः पाहता येतं. किडकी कारली बादलीत चार बोटं ओलसर वाळूवर ठेवा, तोंडाला मलमल बांधा. आठवडा-दीड आठवड्यात अळ्या वाळूत उतरून कोष होतात, पुढच्या दहाएक दिवसांत माशा निघतात. त्यांना चार-पाच दिवस साखरपाणी द्या. मग दोन बरण्यांत वीस-वीस सोडा: एकीत गूळपाण्याचा बोळा, दुसरीत त्याच गूळपाण्यात लेबलच्या प्रमाणात ताजं कालवलेलं औषध, मुदतीतल्या बाटलीतलं. हातमोजे घाला, बरण्या घराबाहेर ठेवा. २४ तासांनी औषधाच्या बरणीत जवळपास सगळ्या मेल्या आणि साध्या बरणीत जिवंत राहिल्या, तर एन्झाइमला दोष देऊ नका. आमिष, पाणी आणि बांधावर टाकलेली किडकी फळं यांकडे वळा. ती फळं रोज वेचून दोन फूट खोल पुरायची, उकिरड्यावर नाही. निम्म्या माशा जिवंत राहिल्या तर औषधाचा गट बदला आणि जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात त्या माशा घेऊन जा.