म्हणे, फॉरमॅट मारून बघू!

कॉम्प्युटर पुन्हा उडाला! टिक आवाज, स्क्रीन काळी, आणि आपोआप पुन्हा सुरू. सकाळपासून चौथ्यांदा. सोसायटीचा अर्धा हिशेब एक्सेलमध्ये भरला होता, गेला.

दुरुस्तीवाला येतो आणि दरवेळी तेच: "विंडोज करप्ट झालीय, फॉरमॅट मारून बघू." तीन महिन्यांत तीनदा! अहो, इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची स्वतःची नोंदवही, उघडायला दोन मिनिटं लागतात. तिथे कर्नल-पॉवर 41 च्या नोंदींची रांग लागलीय. ती नोंद कारण सांगत नाही, एवढंच सांगते की मशीन रीतसर बंद न होता गेलं. विंडोज कोसळली की येते ती निळी स्क्रीन नाही, ती मागे ठेवते ती डम्प फाइल नाही, मग आधी वीजपुरवठा तपासायचा की विंडोजच्या मागे लागायचं?

शेवटी काल मीच झाकण काढलं. प्रोसेसरच्या पंख्यावर धुळीचा थर. साफ केला, तापमान उतरलं, तरी रीबूट. मग मल्टीमीटर लावला. एसएमपीएसच्या, म्हणजे आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्याच्या, पिवळ्या वायरवर 12 व्होल्ट हवेत, पाच टक्के कमी चालतात, म्हणजे 11.4 पर्यंत. मशीनवर ताण यावा म्हणून व्हिडिओ रेंडरला लावला आणि आकडा घसरत 11.1! लगेच स्क्रीन काळी. एसएमपीएसच्या जाळीतून टॉर्च मारला, तर आत व्होल्टेज स्थिर ठेवणारे दोन कपॅसिटर टम्म फुगलेले, एकाच्या डोक्यावर तपकिरी खपली.

टॉर्चने दिसणारी गोष्ट! तीनदा पैसे घेतलेत, तीनदा सगळा डेटा परत चढवायला लावलात. झाकण एकदाही का नाही उघडलंत?