अपक्षाचा घास

आमच्याकडे जेवायची वेळ आणि 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'ची वेळ एकच, रात्री नऊ. हे काय कोणी मुद्दाम ठरवलेलं नाहीये, आईने ठरवलंय.

तर २०१८ ला हा विनोदी स्किटचा कार्यक्रम सोनी मराठीवर सुरू झाला आणि आमच्या डोंबिवलीच्या वन बीएचके मध्ये दोन पक्ष पडले. कारण एकच, समीर चौघुले आणि विशाखा सुभेदार. बाकीच्यांबद्दल फार वाद नसायचा, पण ही जोडी स्टेजवर आली की आई ताट घेऊन टीव्हीच्या बाजूला सरकायची आणि बाबा मोठ्याने पापड मोडायचे. आईचं म्हणणं, असं टायमिंग दुसऱ्या कोणाकडे नाही. बाबांचं म्हणणं, हा नुसता आरडाओरडा आहे आणि विनोद काय तो चिमणराव-गुंड्याभाऊंनी केला, दूरदर्शनवर, प्रभावळकर आणि बाळ कर्वे, तेव्हा कोणी किंचाळत नसे. यावर आईचं उत्तर पाठ आहे, "अहो तुम्ही ते शेजाऱ्यांच्या खिडकीतून बघायचात, तुम्हाला आवाज कुठे येत होता?"

मी अपक्ष. आणि अपक्षाचे काय हाल असतात ते मला विचारा. हसलो की आई म्हणणार, बघा पोराला पण आवडलं, आणि बाबा दोन दिवस माझ्याशी वीजबिलापुरतं बोलणार. नाही हसलो की आई भाजी वाढताना विचारणार, बरं वाटत नाहीये का रे? म्हणून मी एक युक्ती काढली. स्किट सुरू झालं की तोंडात मोठा घास भरायचा. घास असला की हसता येत नाही, मत पण देता येत नाही, नुसती मान हलवायची, ती कोणाच्याही बाजूने धरता येते.

बायकोने मात्र पक्षांतराचा कळसच केलाय. विशाखाच्या जाडीवर जोक आला की ती बाबांच्या बाजूने, "जाड बाईला जाड म्हणायचं यात हसण्यासारखं काय आहे?" आणि पुढच्याच मिनिटाला समीर एखाद्या साध्या शब्दात असा काही अडकतो, जीभ एकीकडे, चेहरा दुसरीकडे, की ही डोळ्यातून पाणी काढून हसत असते, आईच्या खांद्यावर डोकं ठेवून. सासू-सून एकमेकींच्या खांद्यावर, हे आमच्या घरात दुसऱ्या कुठल्याही कारणाने घडलेलं नाहीये हे पण नोंदवून ठेवतो. आई म्हणते विशाखा स्वतःच स्वतःवर जोक करते, तिला चालतं तर तुम्हाला काय? बायको म्हणते तिला चालतं हो, पण उद्या ऑफिसमध्ये तोच जोक मला ऐकवतात. यावर आई गप्प बसली होती. खरं सांगायचं तर मला पण काही सुचलं नव्हतं, म्हणून घास.

आता माझं खरं मत सांगू का, इथे घरचं कोणी नाहीये म्हणून. दोघंही बरोबर आहेत हो. काही दिवशी स्किटमध्ये दमच नसतो, शेवटची दोन मिनिटं सगळे नुसते ओरडत एकमेकांच्या अंगावर पडतात, सई ताम्हणकर आणि प्रसाद ओक परीक्षक म्हणून समोर बसून इतके हसतात की आपल्यालाच वाटावं आपलं काहीतरी चुकतंय. पण काही दिवशी समीर बोलता बोलता थांबतो. काही करत नाही, नुसता थांबतो, आणि विशाखा त्याच्याकडे अशी बघते जशी आई बाबांकडे बघते, बाबांनी पिशवी न नेता चार किलो कांदे आणल्यावर. ते दोन सेकंद कोणी लिहून देऊ शकत नाही. असल्याच एका दोन सेकंदांत माझा घात झाला. घास पिठलं-भाकरीचा होता, हसू आतून आलं, बाहेर जायला वाट नव्हती, त्याने नाकाची वाट धरली. ठसका लागला, पिठलं टीपॉयवर, थोडं रिमोटवर. आई माझ्या पाठीवर थापा मारत ओरडतेय "हसला! बघा हसला!" आणि बाबा पाण्याचा तांब्या हातात धरून, मला न देता, "हसला नाही, ठसका लागला त्याला!"

मग २०२२ च्या सुरुवातीला अमिताभ बच्चन हास्यजत्रेच्या मंडळींना भेटले आणि समीरसमोर ते वाकलेत असा फोटो सगळीकडे फिरला. आईने तो फॅमिली ग्रुपवर टाकला, आत्याने टाकला, मग आईने आत्याचाच परत टाकला. आता तरी बाबा शरण येतील अशी सगळ्यांची अपेक्षा. बाबांनी चष्मा वर करून फोटो बघितला आणि म्हणाले, "एवढा उंच माणूस, समोरच्याशी बोलायचं तर वाकावंच लागणार."

त्याच वर्षी विशाखाने हास्यजत्रा सोडली. मला वाटलं सुटलो, आता सुखाने जेवू. कसलं काय. आईला समीर एकटा एकटा वाटायला लागला आणि बाबा, ज्यांनी चार वर्षं पापड मोडले, ते म्हणायला लागले "आता मजा नाही राहिली". आधी होती का, असं विचारायची कोणाची हिंमत नाही.

पुढच्या वर्षी विशाखा 'शुभविवाह' मालिकेत दिसली, रागिणी, एकदम खलनायिका. मी त्या दिवशी सुट्टी टाकून घरी होतो, दुपारचं वरणभात चाललेलं. पडद्यावर रागिणी कोणाचं तरी वाटोळं करायचा प्लॅन आखतेय, मागे ढँण ढँण म्युझिक, आणि आई गालातल्या गालात हसतेय.

"अगं ती कारस्थान करतेय," मी म्हणलं.

"हो, पण आता समीर दारातून आला तर?"

बाबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. अख्खा सीन संपेपर्यंत वरण गार करत बघितलं, आणि जाहिरात लागल्यावर म्हणाले, "बाई काम चांगलं करते हां."

आईने वाटी खाली ठेवली. सावकाश ठेवली, त्यानेच मला अंदाज आला. "मग तिथे काय वाईट करत होती?"

बाबा माझ्याकडे बघायला लागले, आई पण माझ्याकडे बघायला लागली. ताटात भात जेमतेम दोन घासांचा उरला होता. मी तो एकाच घासात भरला.