बाथरूमचा सिलिकॉन पीसीबीवर का चालत नाही

“बोर्डावरचा मोठा कपॅसिटर हलतोय? बाथरूमच्या फटी बुजवायचा सिलिकॉन लावा. सगळे सिलिकॉन सारखेच, वास गेला की आम्लही गेलं, आणि गोंदातून वीज जात नाही.” पीसीबीसाठी, म्हणजे उपकरणातल्या सर्किट बोर्डासाठी, हा सल्ला सध्या फिरतोय. (कपॅसिटर म्हणजे बोर्डावरचा वीज साठवणारा घटक.) त्याने चांगले बोर्ड वाया जातात, म्हणून एकेक दावा तपासू.

सगळे सिलिकॉन सारखेच? नाही. ट्यूब उघडताच व्हिनेगरचा वास आला तर तो अ‍ॅसिटॉक्सी. हवेतल्या ओलाव्याने घट्ट होताना तो अ‍ॅसिटिक आम्ल सोडतो. काचेचं, टाइलचं त्याने काही बिघडत नाही, तांब्याचं बिघडतं. बोर्डावरचा सोल्डर मास्क, म्हणजे रंगीत संरक्षक थर, तांब्याचे ट्रॅक (वीज नेणाऱ्या पट्ट्या) झाकतो. घटकांचे पाय आणि सोल्डरचे सांधे उघडेच असतात. तिथे हिरवट थर चढतो, पुढे कॉइलची बारीक तार तुटते. बोर्डासाठी अल्कॉक्सी प्रकार घ्या, जो घट्ट होताना आम्लाऐवजी अल्कोहोल सोडतो. पाकिटावर नुसतं ‘न्यूट्रल’ लिहिलेलं पुरेसं नाही, कारण ऑक्झाइम प्रकारही न्यूट्रल म्हणून विकला जातो आणि तोही तांबं काळवंडवू शकतो. डेटाशीटमध्ये, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकात, ‘नॉन-करोझिव्ह’ (धातू न खाणारा) शोधा.

वास गेला की आम्ल गेलं? सिलिकॉन बाहेरून आत घट्ट होतो, पहिल्या 24 तासांत साधारण 2 ते 3 मिमी. जाड गोळा पोटात कितीतरी दिवस ओला राहतो. शिवाय आम्लाने तांब्यावर केलेले क्षार वासाबरोबर उडून जात नाहीत.

गोंदातून वीज जात नाही? नवा असताना बहुधा नाही. पण जुन्या टीव्ही-अ‍ॅम्प्लिफायरमधला पिवळा गोंद आठवा: उष्णतेने तपकिरी झाला की तो ओलावा धरतो, वीज झिरपू देतो आणि पाय खातो. असा गोंद दिसला की खरवडून काढा.

सोबत सुचवले जाणारे इतर उपायही तपासा. फेव्हिक्विकसारख्या गोंदाची वाफ रिले (विजेवर चालणारा स्विच) आणि स्विचच्या कॉन्टॅक्टवर बसते, आणि धक्क्याने तो तडकतो. साधा हॉट ग्लू गरम ट्रान्सफॉर्मरजवळ मऊ पडतो.

योग्य रीत अशी: वीज तोडा, कपॅसिटर डिस्चार्ज करा, जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळवा. कपॅसिटरच्या बुडाशी समोरासमोर दोन बाजूंना, उंचीच्या एक तृतीयांशापर्यंत अल्कॉक्सी सिलिकॉन लावा. वरची व्हेंट, म्हणजे दाब वाढला तर उघडणारी खाच, मोकळी ठेवा. किमान 24 तास उपकरणाचं झाकण उघडं राहू द्या.

व्हिनेगरवाला आधीच लावला असेल, तर प्लॅस्टिकच्या पट्टीने पूर्ण काढा, हिरवा थर घासून सांधे नव्याने सोल्डर करा.